काळजीवाहकांना पहिल्यांदाच शिकवताय? मग सुरुवात पलंगापासून

पहिल्या दिवशी फळ्यावर आजारांची नावं आणि औषधांची यादी लिहू नका. नवे प्रशिक्षक हमखास हेच करतात. एक पलंग, दोन चादरी, चार उशा घ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलायला शिकवा.

साधारण दर दोन तासांनी बदलायची, हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते कशी बदलायची यात. काखेत हात घालून वर ओढलं की कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड सरकतं आणि तिथेच जखम सुरू होते. अंगाखाली आडवी घडी घातलेली चादर हवी, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि उचलून सरकवायचं. पूर्ण कुशीवर नको. पाठीशी उशी देऊन ३० अंश कलतं ठेवा. उशी पोटरीखाली, टाचा अधांतरी. लाल जागा बोटाने दाबून पाहायची. लाली हटली नाही तर नर्सला लगेच कळवायचं. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागतंय का ते चाचपायचं. चोळायचं मात्र नाही. (मालिशची हौस सगळ्यांनाच असते!)

बाकी सध्या एवढंच:

- बोलू न शकणाऱ्याची वेदना कपाळाच्या आठ्यांत आणि कूस बदलताना निघणाऱ्या कण्हण्यात दिसते. वेळेसह लिहून ठेवायची.
- मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) चालू असेल तर बद्धकोष्ठता होते, म्हणून शौचाची नोंद रोज.
- शेवटच्या दिवसांत भूक जाते. घास कोंबला की ठसका लागतो. ओठ आणि तोंड ओलं ठेवा.

सिरिंज पंप (औषध हळूहळू सतत देणारं यंत्र) वगैरे नंतर.