जॉब कार्डावर सही करायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मायलेजवर लिहिलं होतं, पण पत्रं आली ती सगळी सर्व्हिस सेंटरच्या बिलांवर. चार घेतलीत, बाकीच्यांचं उत्तर यातच मिळेल असं वाटतं.

प्रश्न : भाऊ, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, चार वर्षं झाली, ४० हजार किलोमीटर चालली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकली तेव्हा फोनवर साडेआठ-नऊ हजार लागतील म्हणाले अन् संध्याकाळी घ्यायला गेलो तर १७,९४० चं बिल हातात. विचारलं तर म्हणते सर तुम्हीच तर सही केली. एवढं काऊन लागते? लुटूनच राहिले ना हे?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, बिलाचा फोटो पाठवला ते फार बरं केलं. त्यात चार ओळी बघा, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग (इंजिनात हवा जाते तो भाग साफ करणं) ९५०, एसी डिसइन्फेक्शन १,२५०, इंजिन डिकार्ब (आत साचलेला कार्बन काढणं) १,९०० आणि अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या खालच्या पत्र्याला गंजू नये म्हणून थर) ४,२००. झाले ८,३००. हे बाजूला काढले की उरतात ९,६४०, म्हणजे फोनवर सांगितलं होतं त्याच्या आसपासच. तेल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट हे लागणारच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यातलं कंपनीचं पुस्तक काढा. त्यात मेंटेनन्सचा तक्ता असतो, वरती किलोमीटर आणि महिने, बाजूला एकेक पार्ट, आणि बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात प्रत्येक चौकटीत आर नाहीतर आय. आर म्हणजे बदला, आय म्हणजे नुसतं तपासा. ४० हजारच्या रांगेत त्या चार कामांपैकी जे असेल ते गाडीला हवंच होतं, जे नसेल ते त्यांनी सुचवलं आणि तुम्ही हो म्हटलं. इंजिन उचलत नसेल, उभ्या गाडीत इंजिन चालू असताना थरथरत असेल तर डिकार्ब, थ्रॉटल क्लिनिंग समजू शकतो, चांगल्या चालणाऱ्या गाडीला कशाला? आणि कोटिंगचं तर मला खरंच वाईट वाटलं, मुंबई-रत्नागिरीकडे खाऱ्या हवेनं पत्रा खातो तिथं ठीक आहे, आपल्या नागपुरात चार वर्षांच्या गाडीला ४,२०० घालायची काही घाई नव्हती.

लुटतात का म्हणाल तर सरसकट तो शब्द मी वापरणार नाही. नवीन गाडी विकून डीलरला फार सुटत नाही, शोरूमचं भाडं, एसी, पगार याचा मोठा भार वर्कशॉप आणि इन्शुरन्सवर असतो. लेबरही मेकॅनिकला किती वेळ लागला यावर लागत नाही, प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात, काम वीस मिनिटांत आटपलं तरी बिलात ठरलेलेच लागतात. तुमच्यासमोर टॅब घेऊन उभा असतो त्या सर्व्हिस अॅडव्हायजरला वरची कामं विकायचं महिन्याचं टार्गेट असतं, पोरगा वाईट नसतो, पण त्याच्या कमाईचा काही भाग बहुतेक त्यावर अवलंबून असतो. पार्टचं म्हणाल तर बहुतेक पार्ट कंपनी स्वतः बनवतच नाही, दुसऱ्यांकडून करून घेते, मग अनेकदा तोच बनवणारा स्वतःच्या डब्यात घालून तो बाजारातही विकतो. घाट रोडच्या दुकानांत विचारून बघा, बऱ्याचदा स्वस्त मिळतो.

तुमचा पैसा ठरतो तो जॉब कार्डावर, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी ज्या कामांच्या यादीवर तुमची सही घेतात तिथं, बिल हातात येतं तेव्हा उशीर झालेला असतो. टॅबवर बोट फिरवायच्या आधी सगळी यादी वाचा, नको ते काढायला लावा आणि हाताने लिहा, "यादीबाहेरचं कोणतंही काम फोन करून विचारल्याशिवाय करू नये." टॅब असेल तर हेच त्या अॅडव्हायजरला व्हॉट्सअॅपवर पाठवा. काढलेले जुने पार्ट डिक्कीत ठेवायला सांगा. आणखी एक, पार्टच्या डब्यावर जी एमआरपी छापलेली असते त्यात सगळे टॅक्स आलेले असतात, तेव्हा बिलात पार्टचा रेट अधिक जीएसटी मिळून एमआरपीच्या वर गेला तर तिथंच बोट ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता, त्यामुळे नव्या बिलात कुठल्या पार्टवर २८ दिसला तर विचारा.

प्रश्न : दादा, ऐन नवतप्यात गाडीच्या एसीनं दम सोडला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात कूलिंग कॉइल, कंडेन्सर दोन्ही बदलावं लागेल, डॅशबोर्ड खोलावा लागेल, ४६ हजार. घरात लहान बाळ आहे, एसीशिवाय दुपारी बाहेर निघता येत नाही. हो म्हणू का?
– एक वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, दोन दिवस थांबा, आत्ता हो म्हणू नका. ४५ डिग्रीत बाळाला घेऊन जायचं म्हणजे काय हे मला कळतं, आणि अशा घाईतच मोठं बिल मंजूर होऊन जातं.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि कुठून ते सापडल्याशिवाय कोणी "दोन्ही बदला" म्हणत असेल तर तो अंदाजाने बोलतोय. त्यांना एकच विचारा, लीक टेस्ट केली का, केली असेल तर मला दाखवा. नायट्रोजन भरून प्रेशर धरतं का बघतात, नाहीतर गॅससोबत डाय (चमकणारा रंग) सोडून अल्ट्राव्हायोलेट लाइटने शोधतात. गॅस पुरेसा असूनही कूलिंग नसेल तर आधी स्वस्तातलं बघायचं, केबिन फिल्टर धुळीनं गच्च झालाय का, समोरचा फॅन फिरतो का, कंडेन्सरच्या (गाडीच्या समोर असते त्या एसीच्या जाळीच्या) फटींत माती बसली आहे का.

माझंच सांगतो. तीन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या गाडीला असंच ३८ हजारांचं एस्टिमेट मिळालं होतं, कॉइल गेली म्हणून. मी गाडी घेऊन खामल्याकडच्या एका छोट्या एसीवाल्याकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, काही बोलला नाही, नुसता पाइपांवरून टॉर्च फिरवत गेला. एका जॉइंटवर बोटाएवढा काळा तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटून घट्ट झाली होती. म्हणाला, गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं साहेब, जिथं गळते तिथं असा डाग पडतेच. फडक्यानं पुसलं, प्रेशर भरलं, साबणाचं पाणी सोडलं, आणि त्या जॉइंटवर बारीक बारीक बुडबुडे एकामागे एक यायला लागले. रबराची एक ओ-रिंग गेली होती. रिंग, व्हॅक्यूम, गॅस सगळं मिळून २,२००. त्या दिवशी मला राग पैशाचा नव्हता आला, तो डाग बघायला कोणी वाकलंच नव्हतं त्याचा आला.

तुमचीही ओ-रिंगच असेल असं मी म्हणत नाही, कॉइल खरंच गेली असू शकते, बऱ्याच गाड्यांत तिला डॅशबोर्ड खोलावा लागतो आणि त्याचं लेबर भारीच आहे. पण टेस्ट डोळ्यांनी बघा, मग द्या. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र बाहेर अजिबात उघडू नका, आधी तिथंच क्लेम टाका.

प्रश्न : बाहेर एकदा जरी काम केलं तरी वॉरंटी संपते असं सांगून राहिले. खरं आहे का?
– एक वाचक, वाडी

उत्तर : इतकं सरळ नाही ते. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता, पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाही म्हणून, आणि त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करायची अट घालू नका. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या आणि वॉरंटीच्या पुस्तकात अटी आजही असतात, म्हणून मी व्यवहाराचं सांगतो.

वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस तिथंच, वेळेवर, बिलं जपून. फ्री सर्व्हिस म्हणजे फक्त लेबर फ्री, तेल-फिल्टरचे पैसे लागतात हेही लक्षात असू द्या. अलाइनमेंट, पॉलिश, पंक्चर बिनधास्त बाहेर. टायर आणि बॅटरीची वॉरंटी मुळात त्या बनवणाऱ्याची असते. वायर कापून हॉर्न-लाइट मात्र लावू नका, नंतर इलेक्ट्रिकलचा क्लेम गेला तर भांडायला जागा राहत नाही. वॉरंटी संपली की एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), सॉफ्टवेअर आणि कंपनीनं रिकॉल केलं, म्हणजे दोषामुळे गाड्या परत बोलावल्या असतील तर तेवढ्यासाठी डीलर, बाकी ब्रेक-क्लच-सस्पेन्शनला विश्वासाचा गॅरेजवाला पुरतो. कोणत्या कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती उघड केली ते बघायला सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, डिसेंबर २०२२ ला सुरू झालं, गाड्याही त्यात आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. क्लच प्लेट बदलली म्हणून १४,८०० घेतले, जुनी प्लेट मागितली तर भंगारात गेली म्हणाले. क्लच अजूनही पूर्वीसारखाच घसरतो. बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नव्हते म्हणून भरलं. आता काही होऊ शकतं का?
– एक वाचक, प्रताप नगर

उत्तर : सर, नमस्कार. होऊ शकतं, पैसे भरले म्हणून हक्क जात नाही. पुढे कधी अशी वेळ आली तर बिलाच्या त्यांच्या प्रतीवर "तक्रार राखून पैसे दिले" असं लिहून सही करा आणि फोटो काढा.

आधी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा, फोनवर बोलू नका, फोनचं काही उरत नाही. मजकूर छोटाच ठेवा, तारीख, किलोमीटर, काय सांगितलं, काय झालं, जुना पार्ट दिला नाही, पैसे परत द्या किंवा काम पुन्हा करून द्या, १५ दिवसांत. उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. तरी नाही जमलं तर नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जायचं, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला (म्हणजे कामासाठी तुम्ही भरलेल्या पैशाला) फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं.

त्याआधी एक करा, दुसऱ्या अनुभवी मेकॅनिककडून क्लच तपासून लेखी घ्या, तारीख आणि गाडीचा नंबर टाकून. आणि तुम्ही मला बिलाचं फक्त पहिलं पान पाठवलंय, त्यावर एकूण आकडा आहे. पार्ट नंबर आणि लेबरच्या ओळी दुसऱ्या पानावर असतात, ते पाठवा. तिथं क्लच प्लेटचा पार्ट नंबरच नसेल तर तक्रारीचं पहिलं वाक्य तेच होईल.