वळीव झाला, आता पेरू का?

मे संपत आला की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा, कळमनुरी भागातून एकच प्रश्न सारखा येतो: "साहेब, वळीव चांगला झाला, रान भिजलं. पेरून टाकू का?"

नका पेरू, एवढी कळकळीची विनंती आहे. वळिवाची जात वेगळी. दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उंच चढतात, तासभर कोसळतात आणि मोकळे होतात. म्हणून एका शिवारात ओढा वाहतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस अंशांचं ऊन. भारी काळ्या रानात वरची चार बोटं ओली होतात, खाली ढेकूळ कोरडंच. त्या ओलीवर सोयाबीन फुगतं, मोड काढतं आणि ताण पडला की जागेवर जळतं. दुबार पेरणीचा खर्च कुणाच्या घरात काय करतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

2025 आठवा. मान्सून 24 मेला केरळात आणि 26 मेला मुंबईत आला. मुंबईत इतका लवकर तो आधी कधी नोंदलेला नव्हता. मग मुंबई-अहिल्यानगरच्या आसपास जूनच्या मध्यापर्यंत तसाच अडकून राहिला. तेव्हा मान्सून आल्याची बातमी ऐकून तिफण जुंपू नका. रोहिणी नक्षत्रात पडला तरी थांबा. आपल्या गावात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या आणि खुरप्याने उकरून बघा. वीतभर खोल ओल लागली, तरच पेरा.

कापसाची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात पेरणं, तेही नको. मेमध्ये लावलेला कापूस लवकर पात्या-फुलांवर येतो आणि गुलाबी बोंडअळीच्या पहिल्या पिढीला आयतं खाद्य मिळतं. पुढे अख्ख्या शिवाराला ते भोगावं लागतं.

हळद अजून अंगणात असेल तर ताडपत्रीत झाकता येईल तेवढीच शिजवा. वाळत घातलेली भिजली तर ढीग लावू नका, पातळ पसरा. ढिगात बुरशी धरते, रंग जातो, मग भाव पडतो.

ढग गडगडायला लागले की आंब्याखाली, लिंबाखाली थांबू नका, जनावरंही तिथे बांधू नका. मोबाईलमध्ये 'दामिनी' ॲप घ्या, जवळ वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो बघत चला.

हे थांबण्याचे दिवस घरच्या सोयाबीनसाठी वापरा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा आणि सहाव्या दिवशी मोजा. सत्तर उगवले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. त्याहून कमी असतील तर सत्तरला कमी पडलेल्या प्रत्येक दाण्यामागे एकरी अर्धा किलो वाढवा. साठाच्याही खाली गेलं तर पेरणीआधी आमच्याकडे या, दुसऱ्या बियाण्याचं बोलू.