रात्रपाळीचा तक्ता

फोंडा, आषाढ

चि. बाय हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वृद्धांच्या शुश्रूषागृहात इनचार्ज म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे कळले. कालपर्यंत ज्या सिस्टरांबरोबर डबा खाल्लास त्यांच्याच ड्युट्या आता तुला लावायच्या आहेत; तो अवघडलेपणा महिनाभरात जातो. मला लिहायचे आहे ते कूस बदलण्याच्या तक्त्याविषयी, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना एकाच जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून ज्यावर सही करायची त्या कागदाविषयी.

मी नवी इनचार्ज असताना एका पहाटे ४ वाजता न सांगता फेरी मारली, तेव्हा एका आजींच्या तक्त्यावर ६ वाजताची नोंदसुद्धा सहीसकट झालेली होती. आजी मात्र उताण्याच, आणि माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग, जो बोटाने दाबला तरी फिकट होईना. त्या मुलीला मी सर्वांदेखत बोलले. पुढच्या महिन्यात सगळे तक्ते अगदी नमुनेदार झाले आणि जखमा होत्या तितक्याच राहिल्या. त्या रात्री अंथरुणाला खिळलेल्या २२ जणांमागे दोघीच होत्या आणि त्यांतली एक तापाने फणफणत होती, हे मला फार उशिरा, तेही स्वयंपाकघरातल्या मावशींकडून समजले. एका रुग्णाला दोघींची ५ मिनिटे धरली तरी २२ जणांना जवळजवळ दोन तास लागतात, म्हणजे एक फेरी संपते न संपते तोच दुसरी सुरू. मग औषधे कोणी द्यायची आणि डायपर कोणी बदलायचे? हा हिशेब मी रागावण्याआधी करायला हवा होता.

हॅन्डओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची सोपवणी, टेबलाशी घेऊ नकोस, खाटेपाशी घे. चादर उचलून टाचा, खुबा आणि माकडहाड स्वतः पाहा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा हाताचा मागचा भाग लावून ऊब आणि बोटांनी कडकपणा तपास. ‘सगळे झाले ना?’ असे विचारलेस तर ‘हो’ हेच उत्तर येणार, म्हणून ‘काय राहिले?’ असे विचार, आणि जी खरे सांगेल तिच्या मदतीला त्याच पाळीत माणूस दे. खोटी सही आढळलीच तर एकांतात बोलव. दुसऱ्यांदा आढळली तर मात्र लेखी समज द्यायला कचरू नकोस. ‘आज आजोबा अगदी शांत आहेत’ असे कोणी सांगितले की मी तरी आधी ताप, साखर आणि लघवी पाहते, कारण म्हाताऱ्या माणसाचा संसर्ग कित्येकदा नुसत्या सुस्तीतून कळतो.

पावसात वीज गेली की एअर मॅट्रेसचा पंप बंद पडतो आणि गादी हळूहळू बसते, हे नव्या मुलींच्या ध्यानात येत नाही. त्यांना ते अंधार पडण्यापूर्वी सांगून ठेव. बाहेरून आलेल्यांना कोंकणीतले ‘उदक’, ‘दुखता’ एवढे तरी शिकव. आमच्याकडचे एक आजोबा अर्धांगवायूनंतर ‘आगुआ, आगुआ’ म्हणत. पोर्तुगीज शाळेत शिकलेला तो माणूस पाणी मागत होता, आणि आम्ही त्याला बडबड समजलो.

येत्या रविवारी घरी ये आणि येताना चतुर्थीच्या सुट्ट्यांची यादी आण. नाताळात सुट्टी हवी असलेल्या मुली चतुर्थीला रात्रपाळी घ्यायला बहुधा तयार होतात, पण ते आताच बोलून घ्यावे लागते.

तुझी,
जुनी मेट्रन