मुंजीच्या टेपमधला चिरका आवाज: आधी मोजा, मग साफ करा

ताई, तुम्ही सांगितलेलं आधी एकत्र मांडतो. २००३ मधली मुंज, दांडिया बाजारातला वाडा, मिनी डीव्हीच्या तीन कॅसेट. वडोदऱ्यातल्याच एका दुकानातून त्यांच्या एव्हीआय फाइली करून घेतल्या. पहिलीत घाणा भरतानाच्या आजींच्या ओव्या एखाद्या लहान मुलीनं भरभर म्हटल्यासारख्या येतात. दुसरीत सुरुवात ठीक, पण मध्येच आवाज चिरका होतो. तिसरीत जोराची खरखर आणि तिच्यामागे कुठेतरी माणसं बोलतात. शिवाय २००६ च्या सुमाराच्या मोबाइल क्लिपा, त्यात सगळे पाण्याखालून बोलतात. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोनदा नॉइज रिडक्शन (गोंगाट कमी करणारा इफेक्ट) केलं, तर आणखीच बिघडलं.

बिघडणारच, कारण तिथे काढून टाकण्यासारखा गोंगाट नाहीच. तिन्ही फाइलींत आवाजाचे आकडे बहुधा शाबूत आहेत, फक्त ते चुकीच्या मापाने वाचले जाताहेत. शेराचं माप घेऊन किलो मोजावेत तसं. अशा वेळी नॉइज रिडक्शन चुकीच्या वाचनालाच खरं धरून त्यातून तुकडे काढतं, आणि ते तुकडे नंतर परत मिळत नाहीत. म्हणून साफसफाई केलेल्या प्रती बाजूला ठेवा आणि दुकानातून आलेल्या मूळ फाइलींकडे जा. त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून तिला हातच लावू नका.

पहिलं काम फाइलचा आकार पाहण्याचं. पाल या आपल्याकडच्या व्हिडिओ पद्धतीच्या डीव्हीत एक फ्रेम १,४४,००० बाइटांची असते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे तासाला जवळजवळ १३ जीबी. तुमची तासाभराची फाइल एवढी असेल तर टेपवरचं सगळं तुमच्या हातात आहे. ती एक-दोन जीबीची असेल तर दुकानाने ती दाबून दिली आहे. मग त्यांच्याकडे मूळ कॅप्चर (कॅसेटवरून उतरवलेली पहिली फाइल) शिल्लक आहे का विचारा. नसेल तर कॅसेटवरून पुन्हा काढून घ्या, पण फायरवायर या डिजिटल वायरनेच. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरने काढलं की आवाज आधी अॅनालॉग होतो आणि मग यूएसबीच्या स्वस्त डबीत पुन्हा डिजिटल. पुढे सांगतोय त्यातल्या अर्ध्या युक्त्या मग चालत नाहीत.

आता चिरक्या आवाजाचं कारण. मिनी डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचे दोन प्रकार असत: १६ बिट ४८ किलोहर्ट्झ, आणि १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. दुसऱ्या प्रकारात नंतर निवेदन किंवा संगीत भरता यावं म्हणून चार चॅनेलांची सोय होती, आणि घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेच कारखान्यातूनच १२ बिटवर लावलेले यायचे. सेकंदाला ३२,००० नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापं; यालाच रेट म्हणतात) घेतलेला आवाज ४८,००० च्या वेगाने वाजवला की तो दीडपट भरभर आणि दीडपट उंच होतो. दीडपट म्हणजे नेमकं षड्जाचं पंचम. आजींचा सा तुम्हाला प वर ऐकू येतोय. फाइलमध्ये आवाजाची लांबी चित्राच्या दोन-तृतीयांश आहे का पाहा: ६० मिनिटांचं चित्र आणि ४० मिनिटांचा आवाज. तसं असेल तर निदान पक्कं.

यावरचा झटपट उपाय सोपा आहे. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावरच्या मेनूत 'रेट' असतो, तो ३२,००० करा. हा इफेक्ट नव्हे, त्यामुळे एकही नमुना बदलत नाही, फक्त वाचण्याचा वेग बदलतो. पिच (आवाजाची उंची) बदलणारा इफेक्ट इथे वापरू नका. तो आवाज ताणून-चिकटवून बसवतो आणि ओवीच्या लांबवलेल्या स्वरांत थरथर येते.

काही प्रोग्रॅम मात्र प्रत्येक फ्रेमचे १,२८० नमुने घाईने वाजवून उरलेली जागा शांततेने भरतात. मग लांबी बरोबर दिसते, पण सेकंदाला २५ वेळा आवाज तुटतो आणि माणूस पंख्यासमोर बोलल्यासारखा घुरघुरतो. तिथे रेट बदलून काही होत नाही. मुळातूनच पुन्हा वाचावं लागतं, आणि ते करता येतं.

डीव्हीच्या प्रत्येक फ्रेममध्ये चित्रासोबत आवाजही असतो, आणि त्या आवाजाचा रेट व बिट यांची नोंदसुद्धा त्याच फ्रेममध्ये असते. एव्हीआय बनवताना दोन तऱ्हा होत्या. टाइप १ मध्ये आवाज फ्रेमच्या आतच राहतो. टाइप २ मध्ये त्याची एक प्रत काढून वेगळा ट्रॅक केला जातो, पण फ्रेममधला मूळ आवाज सहसा तसाच असतो. आपण ऐकतो ती बाहेरची प्रत, आणि घोळ बहुतेक वेळा तिच्यातच असतो. म्हणून एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने फक्त व्हिडिओ प्रवाह, पुन्हा एन्कोड न करता, जसाच्या तसा रॉ डीव्ही फाइलमध्ये (एव्हीआयचं वेष्टन नसलेल्या) उतरवा. मग ती नवी फाइल उघडा. आता प्रोग्रॅमला वेगळा ट्रॅक मिळतच नाही, त्याला फ्रेममधला आवाज त्याच्या स्वतःच्या नोंदीप्रमाणे वाचावा लागतो. तुमच्या तिन्ही फाइलींवर सर्वात आधी हेच करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुष्कळदा इथेच प्रश्न सुटतो.

दुसरी फाइल मध्येच का बदलते? टेपवर तिथे सेटिंग बदललंय. कुणीतरी मेनूत हात घातला, किंवा कॅसेट काढून दुसऱ्या नातेवाइकाच्या कॅमेऱ्यात घातली. फाइलच्या मथळ्यात (सुरुवातीच्या नोंदीत) सुरुवातीचाच रेट लिहिलेला राहतो आणि पुढचा सगळा भाग त्याच मापाने वाचला जातो. यासाठी डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. त्यातला डीव्हीपॅकेजर आवाजाची मांडणी बदलते तिथे फाइलचे वेगळे तुकडे करतो. हातानेही करता येईल: शॉट जिथे तुटतो तिथे कापा, प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा काढा, सगळे ४८,००० वर आणा आणि मगच जोडा. आधी जोडून नंतर सुधारायला गेलात तर चित्र आणि आवाज यांची गाठ पुन्हा बसणार नाही.

तिसऱ्या फाइलसाठी आधी चित्र पाहा. खरखरीच्या वेळी चित्रात चौकोनी ठोकळे किंवा आडवे पट्टे असतील तर दोष टेप वाचण्यातला आहे. कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेड मळलंय, किंवा टेप एलपी मोडमध्ये भरलेली आहे. ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं बसवणारा तो मोड. त्यात टेपवरच्या रेषा इतक्या अरुंद होतात की एका कॅमेऱ्याची एलपी टेप दुसऱ्यात नीट वाचली जाईलच असं नाही. ज्या कॅमेऱ्याने भरली तोच मिळवा, निदान त्याच कंपनीचा. हेडसाठी कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद, एकदाच. वारंवार फिरवली तर हेड झिजतं.

चित्र स्वच्छ आणि आवाज तेवढा खरखरीत, असं असेल तर बाइट सरकलेत. कॅप्चर अर्धवट राहून नंतर 'रिपेअर' केलेल्या फाइलींत हे होतं. १६ बिटांचा प्रत्येक नमुना दोन बाइटांचा असतो. एक बाइट हरवला की मोठा आणि छोटा बाइट जागा बदलतात, आणि जोराच्या सळसळीमागे पुसटसं बोलणं ऐकू येतं. रॉ डीव्हीची युक्ती इथे बहुधा पुरेल. नाही पुरली तर त्या फाइलीचा आवाजाचा ट्रॅक रॉ स्वरूपात बाहेर काढा आणि ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट'मधून 'रॉ डेटा' निवडा: साइन्ड १६ बिट, लिटल एंडियन (छोटा बाइट आधी), दोन चॅनेल, ४८,०००. खरखर आली तर 'स्टार्ट ऑफसेट' ० ऐवजी १ करा. तरीही नाही तर बिग एंडियन (मोठा बाइट आधी). जुन्या डिजिटल स्टिल कॅमेऱ्यांच्या क्लिपांत आवाज ८ बिटांचा असायचा. तो साइन्ड-अनसाइन्डच्या गोंधळात वाचला की लहर वरच्या आणि खालच्या कडेला चिकटलेली आणि मध्ये रिकामी दिसते. ते चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. 'अनसाइन्ड ८ बिट' निवडलं की लहर मधल्या रेषेवर येते.

रेट बरोबर लागला की नाही हे नुसत्या कानावर सोडू नका, विशेषतः ४४.१ आणि ४८ यांच्या घोळात. तो फरक नऊ टक्क्यांच्या आत असतो, म्हणजे जेमतेम दीड अर्धस्वर (सेमीटोन). आजींचा आवाज 'थोडा बारीकच होता की' असं म्हणून माणूस फसतो. मोजायला घरातलीच वीज वापरा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण १०० हर्ट्झची, आणि ती बंद खोलीतल्या बहुतेक रेकॉर्डिंगांत उतरते. कुणी बोलत नसेल असा काही सेकंदांचा भाग निवडा, 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा, साइझ ६५,५३६ ठेवा. सुळका १०० वर असेल तर वेग बरोबर. १०८.८ वर असेल तर ४४.१ चा आवाज ४८ ने वाजतोय, ९१.९ वर असेल तर उलटं. दीडपट वेगात ५० चा ७५ होतो आणि १०० चा १५०. पण १५० हर्ट्झ हा ५० चाही तिसरा पट आहे, म्हणून एकट्या १५० वर विसंबू नका, ७५ आहे का आणि १०० गायब आहे का ते पाहा. बारीक दुरुस्तीला मात्र ही फूटपट्टी चालत नाही, कारण त्या काळी ग्रिडची वारंवारता स्वतःच खालीवर होत असे. आणि गुणगुण कॅप्चरच्या वायरीतून शिरली असेल तर ती फक्त कॅप्चरचा वेग सांगते, टेपचा नव्हे.

मोबाइल क्लिपांबद्दल उत्तर थोडं कडू आहे. थ्रीजीपी या त्या काळच्या मोबाइल फाइलींत आवाज सहसा एएमआर पद्धतीचा, सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच नाही. शिवाय ही पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली. ती गळ्याचं एक गणिती रूप साठवते, त्यामुळे बोलणं कळतं, पण नवरात्रातला गरबा, ढोल, पेटी यांचा चिखल होतो. तो चिखल रेकॉर्ड होतानाच झालाय. तुमच्या क्लिपांत फक्त बोलणं असेल तर मात्र आशा आहे, कारण ऑनलाइन कन्व्हर्टर बऱ्याचदा त्यावर दुसरं दाबकाम करतात आणि पाण्याखालचा आवाज तिथे येतो. मूळ थ्रीजीपी शोधा, एफएफएमपेगने थेट ८,००० च्या वेव्ह फाइलमध्ये उतरवा आणि ती ऐका. सीडीएमए फोनच्या थ्रीजी२ फाइलींत आवाज क्यूसेल्प पद्धतीचा असू शकतो. साधे प्लेअर तिथे मुके राहतात, एफएफएमपेग वाचतं.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, साफसफाई. ८० हर्ट्झखालचं हाय-पास फिल्टरने काढा. गुणगुण खुपत असेल तर १०० आणि १५० वर अरुंद नॉच (तेवढीच वारंवारता कापणारा फिल्टर) लावा. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलपासून सुरू करा, ९ च्या पुढे जाऊ नका. ओव्यांमागे वाड्यातली भांडी वाजताहेत, मुलं ओरडताहेत, ते राहू द्या. ती जागा त्या आवाजानेच ओळखू येते. लाउडस्पीकरजवळचं रेकॉर्डिंग माइकनेच कापलं असेल तर 'क्लिप फिक्स' थोडं सावरतं, सपाट झालेलं सगळं परत आणत नाही.

पुन्हा कॅप्चर करायची वेळ आलीच तर कॅसेट आधी उजेडात धरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या टेपांच्या कडेला पांढरी बुरशी धरते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्या घरांत शिरलं, त्यांच्या कॅसेटींबद्दल तर शंकाच नको. बुरशीची किंवा भिजलेली टेप कॅमेऱ्यात घालू नका. हेड जाम होतं, टेपला चरे जातात, आणि तीच बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. अशी टेप साफ करून घेतल्यावरच चालवावी. कोरडी आणि स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, मग कॅप्चर.

रॉ डीव्हीची युक्ती करून झाली की मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तीन फाइलींचा सॅम्पलिंग रेट, बिट डेप्थ, आणि चित्र व आवाज यांची लांबी काय दिसते ते कळवा. आजींच्या ओव्या असलेली फाइल आधी घ्या.