दहावा माणूस आला की

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथ-मिलिंगच्या जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. कायम माणसं 9, दिवाळीच्या आधी ठेकेदाराकडून आणखी दोघं-तिघं येतात. नवे कामगार कायदे लागू झाल्याचे मेसेज रोज येतात. नेमकं काय बघायचं?

उत्तर : 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राचे 29 जुने कायदे मोडीत काढून चार संहिता लागू झाल्या. मेसेज बाजूला ठेवा आणि आधी डोकी मोजा. ठेकेदाराची माणसंही तुमच्याच मोजणीत धरतात. 21,000 च्या वर पगार असलेल्या मेस्त्रीला ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात नसते, पण डोकं म्हणून तोही मोजायचा. म्हणजे दिवाळीच्या आधी तुम्ही 10 चा आकडा ओलांडता. तिथं ईएसआय आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना द्यायची रक्कम) लागू होतात. 20 माणसं झाली की पीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. दिवाळी झाल्यावर माणसं पुन्हा 9 वर आली म्हणून यातून सुटका होत नाही. बहुतेक जण फसतात ते इथंच.

ईएसआय मालकाचा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्के, पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. वेतन 14,600 असेल तर 474.50 चे 475 आणि 109.50 चे 110 भरायचे. पैसे वरच्या रुपयात धरतात. एखाद्याचा पगार जूनमध्ये 21,000 च्या वर गेला तरी कपात सप्टेंबर अखेरपर्यंत चालू ठेवावी लागते, कारण वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. जूनलाच कपात थांबवली तर मागची रक्कम 12 टक्के व्याजासह भरावी लागते, आणि तोवर कामगाराचा हिस्सा त्याच्या पगारातून कापायची वेळ निघून गेलेली असते.

किमान वेतनातला विशेष भत्ता 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. अधिसूचना उशिरा हाती आली तरी फरक त्या तारखेपासूनच द्यायचा. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून : कामगाराचे 25, मालकाचे 75 रुपये. या तारखा हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सल्लागार नेमला तरी नोटीस मालकाच्याच नावानं येते.

प्रश्न : राजारामपुरीत कपड्यांचं दुकान आहे, कामाला 4 मुली. एकीनं 10,000 ची उचल घेतली आहे. पुढच्या पगारातून सगळी कापू का?

उत्तर : नाही. एका महिन्याच्या सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तिचं वेतन 13,000 असेल तर 6,500 पर्यंतच. उरलेली उचल पुढच्या महिन्यात. उचल दिली त्याच दिवशी रक्कम आणि हप्ता लिहून तिची सही घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता. बाकी, 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, आणि कल्याण निधी 5 माणसांपासून पुढं. किमान वेतन मात्र तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : गोकुळ शिरगावच्या आमच्या युनिटमधला सुपरवायझर 10 वर्षांनी राजीनामा देतोय. पगार 36,000 : मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000, घरभाडे 12,000, प्रवास भत्ता 10,000. हिशेब कशावर करायचा?

उत्तर : 18,000 वर. घरभाडे आणि प्रवास भत्ता मिळून 22,000 होतात. एकूण पगाराच्या निम्म्याच्या, म्हणजे 18,000 च्या वर जे 4,000 जातात, ते नव्या संहितांमधल्या वेतनाच्या व्याख्येनुसार वेतनात मिळवायचे. मग ग्रॅच्युइटी : 18,000 गुणिले 15 दिवस, भागिले महिन्याचे 26 दिवस, गुणिले 10 वर्षं, म्हणजे 1,03,846 रुपये. जुन्या पद्धतीनं 14,000 वर 80,769 झाली असती. मूळ पगार मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवण्याची जी रीत एमआयडीसीत वर्षानुवर्षं चालली, तिचा आता फायदा उरलेला नाही.

आणि घाई करा. राहिलेला पगार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. ग्रॅच्युइटीला 30 दिवस आहेत. ‘पुढच्या सात तारखेला सगळ्यांबरोबर घेऊन जा’ हे आता चालत नाही. शिल्लक रजा, ओव्हरटाइम आणि उचल यांचा हिशेब राजीनामा हातात आला त्याच दिवशी काढायला सांगा.