१९७० ची रिस्टोअर केलेली शेव्हेल एसएस ४५४ घेताना काय तपासावे?

तुमचा प्रश्न असा: ओहायोमध्ये १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, ४५४ हा इंजिनाचा घन इंचातला आकार) विक्रीला आहे, मालक ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’ (बॉडी चेसिसवरून उतरवून केलेले काम) आणि ‘मॅचिंग नंबर्स’ (इंजिन त्या गाडीचे मूळचेच) म्हणतो, फोटोत गाडी नवीकोरी दिसते, तर घ्यावी का?

आधी कागद मागा. ते पटले तरच गाडी बघायला जा. मी डेट्रॉइटजवळ राहतो, ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर या गाड्यांची रांग लागते तेव्हा तासन्‌तास उभा असतो आणि ओळखीच्यांबरोबर गाड्या बघायलाही जातो. शेव्हेल माझी सर्वांत आवडती. म्हणूनच सांगतो, हिच्याइतकी काळजी दुसऱ्या कुठल्या गाडीत घ्यावी लागत नसेल.

कारण १९७० साली एसएस हे वेगळे मॉडेलच नव्हते, मालिबू या शेव्हेलच्याच मॉडेलवर जादा पैसे देऊन घ्यायचे पॅकेज होते. १९६८ पर्यंत एसएस ३९६ चा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) १३८ ने सुरू व्हायचा, तेव्हा ओळख सोपी होती. १९७० च्या गाडीचा व्हिन १३६३७ ने सुरू झाला तर एवढेच कळते, की ही व्ही-८ इंजिनाची, दोन दारांची मालिबू (कूपे) आहे. साधे ३०७ चे इंजिन घेऊन निघालेल्या मालिबूचा नंबरही तसाच सुरू होतो. त्याच वर्षीच्या डॉज चॅलेंजरच्या व्हिनमधले पाचवे अक्षर थेट इंजिन सांगते (आर असेल तर ४२६ हेमी). मस्टँगच्या व्हिनमध्येही इंजिनाचे अक्षर असते. इथे ती सोय नाही. त्यात शेव्हेलचे बोनेट, पट्टे, ग्रिल, बॅज सगळे नव्याने बनवलेले मिळते. चांगला कारागीर मालिबूची एसएस अशी करतो की उभ्या उभ्या बघून कळत नाही.

मग पुरावा कुठला? सर्वांत मोलाची बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यात त्या गाडीवर काय काय बसवायचे याचा कागद. तो बहुतेकदा पेट्रोलच्या टाकीवर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत सापडतो. दुसरी प्रोटेक्ट-ओ-प्लेट, वॉरंटीच्या पुस्तिकेसोबत यायची ती छोटी धातूची पट्टी. तिच्यावर व्हिन आणि इंजिनाचा कोड असतो. डीलरचे मूळ बिल असेल तर उत्तमच. गाडी नवीन असताना कॅनडात विकली गेली असेल तर शेव्हरोलेची मालक कंपनी जीएम हिच्या कॅनडा शाखेकडून तिच्या नोंदी मागवता येतात.

‘मॅचिंग नंबर्स’ हा दावा तुम्हाला इंजिनावरच तपासावा लागेल. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, प्रवाशाच्या अंगाला, सिलिंडर हेडच्या खाली एक सपाट जागा आहे. तिथे इंजिन जोडल्याची तारीख, तीन अक्षरी कोड आणि गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो. ४५० हॉर्सपॉवरचे एलएस ६ आणि चार गिअर असतील तर कोड सीआरव्ही हवा. ३६० हॉर्सपॉवरच्या एलएस ५ ला चार गिअर असतील तर सीआरटी. या दोहोंच्या किमतीत खूप अंतर आहे, त्यामुळे जाहिरातीत नुसते ‘४५४’ लिहिले असेल तर कुठले, ते पहिल्याच फोनवर विचारा. टॉर्च तिरपी धरून बघा. कारखान्याच्या मशीनने त्या जागेवर बारीक समांतर रेषा उठलेल्या असतात. जागा गुळगुळीत असेल तर ती नंतर घासली गेली आहे. इंजिन उघडून बांधताना प्रामाणिकपणेही असे होते, पण मग नुसत्या आकड्यांवर जादा पैसे मोजू नका. ब्लॉक ओतल्याची तारीख जोडणीच्या आधीची आणि जोडणीची तारीख फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीतल्या बॉडीच्या तारखेच्या आधीची हवी. त्याच पट्टीवर मूळ रंगाचा कोडही मिळतो. रंग बदललेला असेल तर भावात तेवढी घासाघीस करा.

आता रिस्टोरेशन. शेव्हेलला स्वतंत्र चेसिस असते, त्यामुळे बॉडी उचलून केलेले काम हिच्यात खरोखर शक्य आहे. (कॅमारो किंवा मस्टँगच्या जाहिरातीत ‘फ्रेम-ऑफ’ वाचले तर सावध व्हा, त्यांना अशी पूर्ण चेसिसच नसते.) बॉडी चेसिसवरून उतरवल्याचे, पत्रा उघडा असतानाचे फोटो मागा. एवढा खर्च करणारा माणूस फोटो काढतोच. ओहायो, मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडते, म्हणून डिकीचा तळ, मागच्या मडगार्डांचा खालचा भाग, मागच्या काचेखालची पट्टी आणि चेसिसचे मागचे टोक गंजाची हमखास ठिकाणे. तिथे रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावा. पुट्टीचा थर असेल तर आकडा एकदम उडी मारतो. गाडी लिफ्टवर चढवून घ्या. खाली गेल्यावर मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्टही मोजा. एसएसला १२ हवेत. १२ असले म्हणून एसएस सिद्ध होत नाही, पण १० असले तर खुलासा मागायलाच हवा.

कागद नाहीतच असे निघाले तरी गाडी टाकाऊ ठरत नाही. तुम्हाला ती चालवायची असेल, रविवारी घरच्यांना घेऊन हिंडायचे असेल, तर नीट बनवलेली आणि ‘क्लोन’ (साध्या मालिबूची केलेली एसएस) म्हणूनच विकलेली शेव्हेल मी आनंदाने घेईन. दगड उडून रंगाला लागेल या धास्तीने ती गॅरेजात झाकून ठेवावी लागत नाही. अट एकच, किंमत क्लोनची हवी. अस्सल एलएस ६ मध्ये तर मूळ कॉम्प्रेशन ११.२५ आहे, पंपावरच्या आजच्या साध्या पेट्रोलवर ते इंजिन ठोकते. बांधणीत पिस्टन बदलले का, तेही विचारून ठेवा.

आणि जायच्या आधी मालकाला फोन करून सांगा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्याबरोबर बोनेटखाली हात लावून ते गार असल्याची खात्री करा आणि मगच स्टार्टर मारायला सांगा. निळा धूर, पहिल्या मिनिटातला ऑइल प्रेशर आणि टॅपेटचा आवाज हे सगळे गार इंजिनावरच खरे कळते.