आई आठवायला बसलं की फक्त आयसीयूच दिसतंय

"मॅडम, आईचा चेहराच समोर येईना झालाय. डोळे मिटले की नुसती तोंडातली नळी दिसतीय. माझं काही बिघडलंय का हो?"

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडं वेगवेगळ्या तोंडांनी कितीदा तरी आलाय. कुणाला नळी दिसते, कुणाला सुजलेले पाय, कुणाला स्ट्रेचरवरची ती हिरवी चादर. आईबरोबर पस्तीस-चाळीस वर्षं काढलेली असतात आणि आठवायला बसलं की शेवटचे पंधरा-वीस दिवसच पुढं येऊन उभे राहतात. त्यात आई नोकरीवाली असली तर अजून एक टोचणी असते, की बिचारीनं जन्मभर मर मर केलं आणि आपण तिच्यासाठी काय केलं, काहीच नाही. म्हणून सुरेखाची गोष्ट सांगते. नाव खरं नाही, काही तपशील बदललेत, आणि लिहू का म्हणून तिला विचारलंय.

सुरेखा लातूरला शाळेत शिकवते, वय ३७. आई एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, औसा तालुक्यात ३३ वर्षं नोकरी. गावातले सगळे तिला शिष्टर म्हणायचे, रिटायर झाल्यावर पण भाजीवाली शिष्टरच म्हणायची. एक दिवस अटॅक आला डोक्यात, १९ दिवस आयसीयू, आणि गेली. सुरेखा माझ्याकडं आली तेव्हा सात महिने झाले होते. आता तुम्ही म्हणाल सात महिन्यांनी का, तर कारण होतं, पुढं पहिलं पुण्यस्मरण होतं, दादानं कीर्तन ठरवलेलं, फ्लेक्स ठरवलेला, आणि एक छोटी स्मरणिका छापायची ठरवलेली, त्यात आईवर दोन पानं सुरेखानं लिहायची. तू मास्तरीण आहेस, तुला काय अवघड आहे, असं. (फ्लेक्सबद्दल मी काही बोलत नाही, आमच्याकडं आता माणूस गेल्याशिवाय त्याचा एवढा मोठा फोटो निघत नाही हे मात्र खरं.)

तिनं वही सोबत आणलेली. पहिलं पान: "आमची आई म्हणजे कष्टाची मूर्ती. नोकरी सांभाळून तिने..." काट मारलेली. दुसरं पान: "आईने आयुष्यभर कष्ट केले." परत काट. पुढं पण तसंच. मी पानं मोजली, अकरा होती, आणि अकराच्या अकरा 'कष्ट' ह्या शब्दापाशी येऊन थांबलेली.

"ह्याच्या पुढं सुचतच नाही मॅडम. एवढं प्रेम केलं आईवर आणि लिहायला दोन पानं नाहीत माझ्याकडं. लाज वाटायलीय."

आधी नळीचं सांगते, कारण भीती त्याची जास्त असते. बिघडलेलं काही नसतं. घाबरून, जागून, दर तासाला डॉक्टर काय म्हणतील ह्या धास्तीत काढलेले दिवस मेंदू घट्ट धरून ठेवतो, आणि त्याच त्याच गोष्टी आपण नातेवाइकांना फोनवर शंभरदा सांगितलेल्या असतात, त्यानं त्या अजून पक्क्या होतात. उलट तीस वर्षं आई रोज सकाळी डबा भरून गेली आणि संध्याकाळी आली, ते दिवस एकासारखे एक, त्यांना धरायला कान नाहीत. ते पुसलेले नसतात, नुसतं "आई आठव" म्हटलं की वर येत नाहीत इतकंच. त्यांना बारका, नेमका धागा लागतो.

हे मला माहीत असून मी पहिल्या भेटीत चूक केलीच. म्हटलं आईला एक पत्र लिहून आणा, मनातलं सगळं. पुढच्या वेळी आणलं पत्र. "प्रिय आई, तू आमच्यासाठी खूप कष्ट केलेस." आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलो आणि ती हसली आधी, मग मी. सात महिन्यांत पहिल्यांदा आईच्या विषयावर हसले म्हणाली, आणि लगेच घाबरली की हसले कशी.

मग पत्रबित्र सोडलं. म्हटलं, लहानपणी आई ड्युटीवरून घरात आली की तुम्हाला आधी काय कळायचं? दिसायचं नाही म्हणत, कळायचं.

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "वास." कसला? "डेटॉलचा. आणि थोडा रॉकेलचा, तेव्हा काचेच्या सिरिंजा स्टोव्हवर उकळायच्या ना. आणि बडीशेप." बडीशेप? "हो, बडीशेपचा वास यायचा आईला. रोज नाही. लसीकरणाच्या दिवशी. त्या दिवशी उशीर व्हायचा, मी पायरीवर बसून राहायचे, आजी म्हणायची दिवा लागायच्या टायमाला पायरीवर बसू नको, तरी बसायचे. आई आली की पदराला तोंड लावायचे. मला वाटायचं आईचा वासच तसा असतो, सगळ्यांच्या आयांचा."

एवढं बोलून ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम आत्ता दिसली. पिवळी साडी होती."

आता इथं गोष्ट संपवता आली असती, पण मला ती बडीशेप सुटेना. लसीकरणाच्या दिवसाचं काम मला थोडं माहितीय, माझी मावशी पण ह्याच खात्यात. सकाळी आरोग्य केंद्रातून बर्फाचे पॅक लावलेला व्हॅक्सिन कॅरिअर घ्यायचा, गावात जायचं, पोरांना टोचायचं, रजिस्टर भरायचं, उरलेलं व्हॅक्सिन संध्याकाळी परत जमा करायचं, मग गाडी धरायची. त्यात बडीशेप कुठं येते? सुरेखालाही माहीत नव्हतं. मी विचारलं, तेव्हाचं आईबरोबर काम केलेलं कुणी आहे का. म्हणाली एक मावशी आहेत, उपकेंद्रात पार्टटाइम बाई होत्या, स्त्री परिचर म्हणतात कागदावर, आता सत्तरीच्या आहेत, अंत्यविधीला आल्या होत्या. म्हटलं जाऊन भेटा. आणि "आई कशी होती" असं विचारू नका, नाहीतर त्या पण कष्टच सांगतील, "त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोघी काय करायच्या" एवढंच विचारा.

गेली. दोन आठवड्यांनी आली ती तणतणत.

"मॅडम, आई हॉटेलात जायची!"

झालं असं की मावशींनी आधी डोळ्याला पदर लावला आणि मग हसत हसत सगळं सांगून टाकलं. कॅरिअर जमा झाला की पाचची गाडी मिळायची. शिष्टर ती गाडी सोडायची. स्टँडसमोर एक हॉटेल होतं, त्यात मागं पडदा लावलेली फॅमिली रूम, तिथं दोघी बसायच्या, एकेक प्लेट सुशीला, वर कच्चा कांदा आणि लिंबू, मग चहा, कधी दुसरा चहा. (लातूर-बीडकडच्या लोकांना सुशीला सांगायला नको, बाकीच्यांसाठी, मुरमुरे भिजवून पोह्यासारखे फोडणी देतात ते.) त्या काळात दोन बायांनी हॉटेलात बसून खायचं म्हणजे गावात बोलायला विषय. म्हणून निघताना काउंटरवरची बडीशेप मूठभर, कांद्याचा वास जावा म्हणून, घरी सासूला कळू नये म्हणून. आणि साडेसहाची गाडी. मार्च आला की कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसा टार्गेटपेक्षा कमी पडल्या म्हणून मीटिंगमधे सगळ्यांदेखत बोलणी खायची, त्या दिवशी तर दोन दोन प्लेटी. १९९६ ला ते टार्गेट कागदावरून गेलं, सुशीला काही गेली नाही म्हणे. आणि शिष्टर तिथं साहेबांच्या नकला करायची, डॉक्टरसाहेब चष्मा कपाळावर ठेवून चष्मा कसा शोधतात ते करून दाखवायची, मावशींना ठसका लागायचा.

"आई नकला करायची मॅडम. आमच्या घरात आईनं कधी नक्कल केलेली मी बघितली नाही." आणि मग आवाज चढला. "पाचची गाडी होती! मी पायरीवर बसलेली असायचे, दिवा लागायचा, आजीची बोलणी खायचे, आणि हिला पाचची गाडी होती. सुशीला खात बसली होती ही!"

मी काही बोलले नाही. समजावायची फार हौस असते आपल्याला, की अहो तिला पण श्वास घ्यायला जागा पाहिजे होती, वगैरे. खरंच होतं ते, पण ते मी सांगण्यात अर्थ नव्हता. तिला रागवू दिलं. आणि एकदा तो राग सुटला तसं मागचं पण निघालं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. सुरेखा पाच वर्षांची. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले, पहाटे चारला दोन-चार मिनिटं कमी असताना जमीन हलली, ह्यांचं घर वाचलं, सगळे अंगणात. उजाडता उजाडता आईला निरोप आला आणि आई गेली. वर पाऊस. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली त्यात, आई तिथं काय काय बघून आली असेल ते तिनं जन्मात कधी सांगितलं नाही. पण पाच वर्षांच्या पोरीला काय कळतं, तिला एवढंच कळलं की जमीन हलायलीय आणि आई मला सोडून दुसऱ्यांकडं चाललीय. आई बऱ्याच दिवसांनी आली, तर ही तिच्याजवळ गेली नाही, आजीच्या मागं लपली.

"हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आई तिथं लोकांचे जीव वाचवायली होती आणि मी रुसले होते, हे कसं सांगायचं? कुठल्या तोंडानं?"

तर अकरा पानं 'कष्ट' पाशी का अडत होती ते हे असं होतं. आईला मूर्ती केलं की मूर्तीवर रागावता येत नाही. आणि राग दाबून धरला की त्याच्यासोबत बाकीचं पण दाबलं जातं, पिवळी साडी, नक्कल, सगळं. मला विचाराल तर नोकरी करणाऱ्या बाईची आपण जी स्तुती करतो ना, 'नोकरी सांभाळून घर सांभाळलं', त्या वाक्यात बाई कुठंच नसते, दोन ओझी असतात फक्त. तिला इंजेक्शन देताना पोराला रडू न देता कसं फसवायचं ह्याचा अभिमान होता का, कुठली मैत्रीण होती, कशाला हसायची, हे कुणी विचारत नाही. सुरेखाच्या आईला तिची नोकरी आवडत होती. ही गोष्ट लेकीला ३७ व्या वर्षी कळली.

मधेच एक सांगून ठेवते, कारण हे पण सारखं विचारतात. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात म्हणे, मी कितव्या पायरीवर आहे मॅडम? त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस ह्या डॉक्टर बाईंनी १९६९ मधे मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी जिना म्हणून नव्हत्या केलेल्या. मला स्वतःला १९९९ मधे श्ट्रोब आणि शूट ह्या दोघा संशोधकांनी मांडलेलं जास्त पटतं, की माणूस दोन्हीकडं येरझाऱ्या घालतो, थोडा वेळ आठवणीत बुडतो, थोडा वेळ लाइट बिल भरतो, परत बुडतो. म्हणजे सकाळी रडून दुपारी मैत्रिणीबरोबर हसलात तर तुम्ही निर्दयी नाही.

पण सात-आठ महिने होऊन गेले तरी रोज, जवळपास दिवसभर तीच ओढ, कामावर जाता येत नाही, जेवण-झोप गेलेली, जगून काय करू असं मनात यायलंय, तर मात्र आठवणी-बिठवणींचा नाद न करता डॉक्टरला दाखवायचं. सहा महिन्यांच्या पुढं असं चालू राहिलं तर त्याला आता वेगळा आजार म्हणून नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ वर फोन लावा, सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. सुरेखाचं तसं नव्हतं. ती शाळेत जात होती, जेवत होती, पोरांचे पेपर तपासत होती. आणि प्रत्येकाला असं मावशींकडं धाडायचं पण नसतं, कधी कधी तिथं जे निघतं ते झेपत नाही, हिच्या बाबतीत पण मी नंतर विचार केला की आधी थोडी तयारी करून घ्यायला पाहिजे होती.

दोन महिन्यांनी तिनं पानं लिहिली. दोनाची साडेचार झाली. सुरुवात अशी: "लसीकरणाच्या दिवशी आईच्या पदराला बडीशेपचा वास यायचा." पुढं मावशी, हॉटेल, पडदा, सुशीला, चष्म्याची नक्कल, पायरी, आणि "मला तुझा राग यायचा आई, लई राग यायचा" हे पण लिहिलं. मला वाचून दाखवताना ती नकलेपाशी हसली आणि पायरीपाशी रडली. नळीचं विचारलं तर म्हणाली, दिसती अजून, पण आता एकटी दिसत नाही.

दादाला दाखवलं. दादा घरातला मोठा, स्वभावानं चांगला, पण म्हणाला हे हॉटेलबिटेल कशाला, कीर्तनकार महाराज येणारेत, पाहुणे वाचतील, आई काय हॉटेलात बसणारी बाई होती का? भांडण झालं चांगलंच. शेवटी दादानं हॉटेल काढलं, सुशीला काढली, राग काढला, पान दीडवर आणलं, आणि खाली स्वतःच्या हातानं 'कष्टाची मूर्ती' घातलं.

सुरेखा स्मरणिकेची एक प्रत मला द्यायला आली होती. मला वाटलं चिडलेली असेल. तिनं पान उघडून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बडीशेप तशीच होती. ती कशाची ते दादाला कळलंच नव्हतं.